मुलगा ओरडतो तो बंदुकीमुळे की तापलेल्या लॅपटॉपमुळे?

प्रश्न असा आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एक ताई लिहितात की मुलगा चौदा वर्षांचा आहे, नववीत शिकतो. तीन वर्षांपूर्वी गेमिंग लॅपटॉप घेतला. आता व्हॅलोरंट हा बंदुकीचा ऑनलाइन खेळ खेळताना अर्ध्या तासात मशीन तापतं, गेम अडकतो, कधीकधी लॅपटॉप आपोआप बंद पडतो. तसं झालं की मुलगा टेबलावर हात आपटतो, ओरडतो, परवा तर हेडफोन फेकला. सासरे म्हणतात, दिवसभर माणसं मारायचे खेळ खेळून पोरगा हिंसक झाला, लॅपटॉप विकून टाका. मुलगा म्हणतो, प्लेस्टेशन ५ हे गेमचं यंत्र घ्या, जीटीए ६ हा नवा गेम येतोय. घरात रोज वाद. दुरुस्त करावा, विकावा, की खेळणंच बंद करावं?

ताई, मशीन तापतं ही एक तक्रार आणि मुलगा संतापतो ही दुसरी, असं तुम्ही वेगवेगळं लिहिलंय. मला त्या दोन वाटत नाहीत. २००४ साली मधुमिलन चौकाच्या अलीकडे मी आठ कॉम्प्युटरचं गेमिंग पार्लर सुरू केलं. पुढे दुरुस्तीत आलो आणि आता जेल रोडला बसतो. वीस-बावीस वर्षं मी खेळणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून मशिनी पाहतोय. त्यावरून सांगतो, आधी मशीन नीट करा, त्यानंतर मुलाबद्दल मत बनवा. उलट क्रमाने केलंत तर दोन्हीकडे चूक होईल.

पार्लरच्या काळात मध्य प्रदेशात भारनियमन होतं. मुलं काउंटर-स्ट्राइक खेळत असायची आणि ऐन डावात वीज जायची. खुर्च्या ढकलल्या जायच्या त्या तेव्हा. गोळी लागून मेलेला मुलगा चुकचुकायचा, शेजारच्याला टोमणा मारायचा आणि पुढच्या डावाला लागायचा. पण शेवटचा गडी उरलेला असताना पडदा काळा झाला की हाच मुलगा कीबोर्डवर मूठ मारायचा. मला आधी वाटायचं, बंदुकीच्या खेळाचाच परिणाम. मग क्रिकेट ०७ आला. त्यात रक्त नाही, बंदूक नाही, नुसती बॅट आणि बॉल. शेवटच्या षटकात आठ धावा हव्या असताना वीज गेली आणि मुलांनी अगदी तसाच आरडाओरडा केला. त्या दिवसापासून मी खेळाच्या नावाकडे कमी पाहतो आणि मुलगा नेमका कोणत्या क्षणी चिडला, ते जास्त पाहतो.

मागच्या वर्षीचं उदाहरण देतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, होऊन महिना झाला होता. राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे एक गृहस्थ पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. तक्रार तुमचीच, शब्दसुद्धा जवळपास तेच. मी लॅपटॉप उघडण्याआधी मुलाला म्हटलं, खेळ बघू वीस मिनिटं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान, प्रोसेसरचा वेग आणि फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं येतात तो) दिसेल असं लावून दिलं. पहिली सात-आठ मिनिटं प्रोसेसर ८५-८८ अंशांवर, फ्रेम शंभरच्या वर, मुलगा शांत. मग आकडा ९७ ला पोचला. तिथे प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडतो. चार गिगाहर्ट्झचा दीडवर आला, फ्रेम पंचविसावर. त्याच क्षणी समोर शत्रू आला, मुलाने बटण दाबलं, पडदा गोठला आणि पुढचं चित्र दिसलं तेव्हा तो मेलेला होता. त्याने टेबलावर हात आपटला. वडील मला म्हणाले, बघा, हे असं करतो हा. मी म्हटलं, काका, त्याच्या तोंडाकडे पाहू नका, कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहा. वीस मिनिटांत तो चार वेळा ओरडला. चारही वेळा फ्रेम पडल्यानंतर दोन सेकंदांच्या आत. मधल्या वेळात तो सात-आठ वेळा सरळ, स्वतःच्या चुकीने मेला, तेव्हा 'अरे यार' यापलीकडे एक शब्द नाही.

मग मशीन उघडलं. पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्या यांच्यामध्ये धुळीचा नमदा बसला होता, बोटाने धरून सबंध उचलता येईल इतका घट्ट, आणि तो गुलाबी होता. गेरीचा गुलाल. त्या भागातल्या मशिनींत उन्हाळाभर मला हा रंग दिसतो. हवा बाहेर पडायला वाटच उरलेली नव्हती. साफसफाई केली, प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली, आणि पुन्हा खेळायला बसवलं. तापमान ८२ च्या वर गेलं नाही. मुलगा तासभर खेळला, हरलासुद्धा, आणि हसत उठला.

हे माझ्या टेबलावरचं निरीक्षण आहे, त्याला मी प्रयोग म्हणणार नाही. पण प्रयोगही झालेत. २०१४ मध्ये ऑक्सफर्ड आणि रॉचेस्टर विद्यापीठांच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. हाफ-लाइफ २ हा बंदुकीचा खेळ घेऊन त्यांनी त्याच्या दोन आवृत्त्या केल्या. एकीत नेहमीसारखी मारामारी, दुसरीत शत्रूला नुसता स्पर्श केला की तो विरून जाणार. काही जणांना बटणं आधी शिकवली, काहींना शिकवली नाहीत. खेळून झाल्यावर मनातला आक्रमकपणा मोजला, तर फरक रक्ताने पडला नव्हता, बटणं न जमल्याने पडला होता. टेट्रिसमध्येही त्यांनी मुद्दाम अवघड तुकडे यायची व्यवस्था केली, तेव्हा विटा रचणारी माणसंही चिडली. खेळ तुम्हाला तुमचं कसब दाखवू देत नाही, तेव्हा राग येतो. तुमचा मुलगा रोज संध्याकाळी ९७ अंशांवर हेच भोगतोय.

आता मशीनचं पाहू. पहिलं काम फुकटचं आहे. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर असेल तर टेबलावर आणा आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली दोन खोडरबर ठेवा. खालच्या जाळीतून हवा आत जायला हवी. नंतर लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा की तो डुगडुगतोय का, टचपॅड वर आल्यासारखं वाटतंय का. वाटत असेल तर बॅटरी फुगलीय. मग चार्जिंगला लावू नका, खेळू देऊ नका, तसाच बंद करून दुरुस्तीला न्या. इंदूरच्या मे महिन्यात अशा बॅटऱ्या माझ्याकडे बऱ्याच येतात.

बॅटरी ठीक असेल तर चार्जर बघा. मूळचा हरवला म्हणून किंवा दुसरा हाताशी आहे म्हणून मुलं ६५ वॅटचा फोनसारखा टाइप-सी चार्जर लावतात. गेमिंग लॅपटॉपला खेळताना दीडशे-दोनशे वॅट लागतात. कमी पडले की मशीन बॅटरीतून उसने घेतं, बॅटरी उतरते आणि खेळ रांगायला लागतो. तापमानाशी त्याचा काही संबंध नसतो, पण लक्षण तेच दिसतं.

तापमान पाहायला टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ग्राफिक्स कार्डाचा आकडा मिळतो. प्रोसेसरचा मिळत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. मुलालाच टाकायला सांगा, ते काम तो आनंदाने करेल. खेळताना प्रोसेसर ८५-९० मध्ये राहिला तर गेमिंग लॅपटॉपसाठी ते चालण्यासारखं आहे. ९५ च्या वर जाऊन वेग पडत असेल तर सफाई हवी.

सफाई होईपर्यंत दोन गोष्टी आजच करा. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा लावा. स्क्रीन १४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारी, असेल तर १४०, साठची असेल तर ६०. स्क्रीन जेवढं दाखवू शकत नाही तेवढं चित्र काढत बसून मशीन नुसतं तापतं. दुसरं, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे जोर लागल्यावर घेतलेला जादा, वेग बंद होतो, आणि माझ्या अनुभवात बऱ्याच मशिनींचं तापमान दहा अंश तरी उतरतं. व्हॅलोरंटसारख्या हलक्या खेळात वेगाचा फरक जाणवतसुद्धा नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळ दिसत नाही. तिथे कंपनीच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये 'बॅलन्स्ड' मोड निवडा.

सफाई घरी करणार असाल तर व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. हवेचा डबा किंवा ब्लोअर वापरा, आणि वापरताना पंख्याची पाती दातकोरणीने अडवून धरा. नाहीतर हवेच्या जोराने पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट मात्र पहिल्यांदा जाणकाराकडून बदलून घ्या, आणि समोर बसून करून घ्या. मुलालाही सोबत न्या. आपल्या मशीनच्या आत काय आहे हे एकदा पाहिलेला मुलगा पुन्हा त्यावर मूठ मारताना कचरतो, असं मी अनेकदा पाहिलंय.

आपोआप बंद पडतो म्हणालात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसेल. मुलं ती पाहून घाबरतात आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) गेला, मदरबोर्ड गेला असं काहीबाही ठरवतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. कारण त्यात नसतं. त्यापेक्षा सर्चमध्ये 'रिलायबिलिटी' शोधा. तारखेवार आलेख उघडेल, कोणत्या दिवशी काय कोसळलं ते लाल फुलीने दिसतं. फुल्या ज्या दिवशी सुरू झाल्या त्याच्या आदल्या दिवशी ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदललेला दिसला तर जुना ड्रायव्हर परत टाका, पैसे वाचतील.

एक धोक्याची गोष्ट. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा फसवणूक पकडणारा भाग विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू मागतो. त्या बंद असतील तर 'व्हॅन ९००१' किंवा 'व्हॅन ९००३' अशी चूक येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६ या खेळालाही सिक्युअर बूट लागतं. त्यामुळे मुलं व्हिडिओ पाहून थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरतात. बायोसमध्ये काही बदललं की बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप जागं होऊन ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ती किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, आणि ते खातं कुणाच्या तरी जुन्या ईमेलवर असतं ज्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. मग आतले सगळे फोटो, मुलीच्या बारशापासूनचे, अडकून बसतात. तसे रडत आलेले लोक मी पाहिलेत आणि दर वेळी काही करता आलेलं नाही. म्हणून बायोसला हात लावण्याआधी किल्ली खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. असेंबल केलेल्या जुन्या डेस्कटॉपवर तर आणखी एक गोष्ट, डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलल्याशिवाय सिक्युअर बूट चालू केलं की विंडोज उठतच नाही.

मशीन थंड झालं तरी राग अर्धाच जाईल, कारण उरलेला अर्धा बहुतेक वेळा वायफायचा असतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. इंदुरातून केबलवर संदेश तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत पोचायला हवा. पण आपल्याकडे राऊटर दिवाणखान्यात टीव्हीमागे आणि मुलगा आतल्या खोलीत, मध्ये विटांच्या दोन जाड भिंती. दोष घरातला की बाहेरचा हे ओळखायला कमांड प्रॉम्प्टवर राऊटरलाच पिंग करून पाहा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, राऊटरच्या पाठीवर लिहिलेला असतो. तिथून उत्तर एक-दोन, फार तर पाच मिलिसेकंदांत आलं पाहिजे. मध्येच ऐंशी, दोनशे असे आकडे उडाले तर दोष तुमच्या भिंतींचा आहे, इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. पंधरा-वीस मीटर लॅन केबल टाका, दरवाजाच्या चौकटीवरून नेता येते. त्याने जेवढं काम होतं तेवढं महागड्या 'गेमिंग' राऊटरने होत नाही.

आणि ताई, एक विचारतो. रात्री नऊच्या सुमारास तुमचा फोन चार्जिंगला लागतो का? पुष्कळ फोन चार्जिंगला लावले की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवू लागतात. अपलोडची वाट भरून जाते आणि मुलाच्या बंदुकीची गोळी त्या रांगेत मागे उभी राहते. एका घरी मी तीन वेळा जाऊन आलो, कारण सापडेना. चौथ्या वेळी आईने माझ्यासमोर फोन चार्जरला लावला आणि आत मुलगा ओरडला. फोटोंचा बॅकअप रात्री बारानंतर चालू करायला सांगितला, तेव्हापासून त्या घरातून त्या कामासाठी फोन आलेला नाही.

आता अप्पांचं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं. त्यांना उडवून लावू नका, ही काळजी पन्नास वर्षांची आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत 'डेथ रेस' नावाच्या, नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरून पहिला गहजब झाला. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट'मुळे हा विषय थेट त्यांच्या सिनेटपुढे गेला आणि पुढच्या वर्षी ईएसआरबी हे वयाची पाटी ठरवणारं मंडळ निघालं. संशोधकांतही एकमत नाही, ते लपवण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये २४ अभ्यास एकत्र करून, सतरा हजारांहून जास्त मुलांची माहिती पाहून एका गटाने सांगितलं की हिंसक खेळ आणि पुढची मारामारी यांत छोटासा संबंध दिसतो. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या १००४ मुलांची पाहणी केली. मुलांना नुसतं विचारलं नाही, पालकांकडूनही त्यांचं वागणं समजून घेतलं आणि खेळ किती हिंसक हे अधिकृत पाटीवरून ठरवलं. संबंध सापडला नाही. अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केलं की आरडाओरडा, ढकलाढकली अशा गोष्टींशी लहानसा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसेचं खापर खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या मुलाने हेडफोन फेकला तो व्हॅलोरंटमुळे खुनशी झाला म्हणून नव्हे. पण याचा अर्थ कोणत्याही वयात कोणताही खेळ चालेल, असं मी म्हणणार नाही. व्हॅलोरंटला युरोपच्या पेगी या तशाच व्यवस्थेची पाटी १६ ची आहे. चौदाव्या वर्षी खेळू द्यायचा तर सेटिंगमध्ये रक्त दाखवणं बंद करता येतं, ते करा. मी माझ्या मुलाला त्या वयात तसाच दिला होता. जीटीएची गोष्ट वेगळी आहे. जीटीए ५ ची पाटी १८ ची आहे आणि ती योग्य आहे. त्यात एक प्रसंग असा आहे की बांधून ठेवलेल्या माणसाचा छळ कोणत्या हत्याराने करायचा हे खेळणाऱ्याने स्वतः निवडायचं, आणि बटणही स्वतः दाबायचं. चौदा वर्षांच्या मुलाला मी तो खेळ देत नाही. तो उद्या कुणाला बांधून ठेवील या भीतीने नाही. ते पाहण्याचं, पचवण्याचं वय अजून आलेलं नाही म्हणून. आपल्याकडे चित्रपटाला सेन्सॉर बोर्ड आहे, गेमला तसं मंडळ नाही, त्यामुळे पाटी वाचणं आपल्यावरच येतं.

मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टींची. पहिली पैशाची. आपल्याच प्रदेशात २०२१ मध्ये छतरपूरला तेरा वर्षांच्या मुलाने जीव दिला. आईच्या खात्यातून गेममध्ये चाळीस हजार रुपये गेले होते. तिथे प्रश्न बंदुकीचा नव्हता. फोनमध्ये कार्ड जोडलेलं असेल तर प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, आज लावा. आणि कधी पैसे गेलेच तर त्या क्षणी ओरडू नका. आधी परतावा मागा, प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत मागणी करणं सोपं असतं. मुलगा फार घाबरलेला, गप्प गप्प वाटला तर त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, हे बरं झालं. पण खेळातल्या बंदुकीला नवा रंग, नवं रूप (स्किन) विकत घेणं त्या कायद्यात येत नाही, आणि मुलांचे पैसे तिथेच जातात.

दुसरी भीती आवाजाची. हेडफोनमध्ये अनोळखी मोठी माणसं काय बोलतात ते एकदा ऐका. आईबहिणीच्या शिव्या मुलं गोळ्यांमधून शिकत नाहीत, तिथून शिकतात. व्हॅलोरंटमध्ये टीमचा व्हॉइस चॅट बंद ठेवून फक्त ओळखीच्या मित्रांशी पार्टीत बोलता येतं. ही एक सेटिंग बदलल्यावर मुलाचं बोलणं पंधरा दिवसांत बदलल्याचं मला दोन आयांनी सांगितलंय.

तिसरी झोपेची, पण ती तुम्हाला मी काय सांगू.

रोजच्या भांडणाबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. 'जेवायला ये' म्हटल्यावर तो 'पाच मिनिटं' म्हणतो आणि अर्धा तास येत नाही, बरोबर? तो खोटं बोलत नसतो. व्हॅलोरंटचा पूर्ण सामना तेरा राउंड जिंकेपर्यंत चालतो, कधी तीस मिनिटं, कधी पंचेचाळीस, आणि तो मध्ये थांबवता येत नाही. उठला तर उरलेले चौघे हरतात आणि त्यालाच शिक्षा म्हणून पुढचे सामने काही वेळ खेळू दिले जात नाहीत. कुणी मागून येऊन वायफाय बंद केलं तर त्याच्या लेखी ते, कॅरमच्या शेवटच्या सोंगटीला कुणी पट उलटवण्यासारखं आहे. त्याला 'किती वेळ' असं विचारू नका. 'स्कोअर काय झाला' विचारा. अकरा-नऊ म्हणाला तर ताटं दहा मिनिटांनी वाढा. चार-तीन म्हणाला तर तुम्ही जेवून घ्या आणि उद्यापासून नियम करा की साडेआठनंतर नवा पूर्ण सामना सुरू करायचा नाही, हवं तर त्याच खेळातला स्पाइक रश हा छोटा सामना खेळायचा. तो दहा-बारा मिनिटांत संपतो. असा नियम मुलं पाळतात, कारण तो खेळ समजून केलेला असतो.

अप्पांना एकदा त्याच्या शेजारी बसवा, मशीन थंड झाल्यावर. पार्लरमध्ये मी एका आजोबांना असं बसवलं होतं. पहिली दहा मिनिटं ते 'हे काय' म्हणत होते, नंतर विचारू लागले, तो कोपऱ्यात का लपला, तू मागून का जात नाहीस. बुद्धिबळ खेळणारे होते. नातू त्यांना नकाशा समजावत होता.

प्लेस्टेशन आत्ता घेऊ नका. जीटीए ६ दोनदा पुढे ढकलला गेलाय. आधी २०२५, मग २६ मे २०२६, आणि आता रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिलीय. त्या खेळासाठी आज पन्नास हजारांच्या वर खर्च करायचा आणि तो खेळ तुमच्या मुलाच्या वयाचा नसणार, यात काही हशील नाही. लॅपटॉप विकूही नका. मेमरीचे भाव सध्या चढलेले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळल्यामुळे मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. आज तुमचा तीन वर्षांचा लॅपटॉप विकून येतील त्या पैशांत तसा दुसरा मिळणार नाही. कुणी दुकानदार 'रॅम वाढवा, सगळं सुटेल' म्हणाला तर आधी टास्क मॅनेजरमध्ये बघा, खेळताना मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर जाते का. जात नसेल तर रॅमचे पैसे वाया.

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर मुलाला घेऊन बसा. आधी राऊटरला पिंग करून पाच मिनिटांतला सगळ्यात मोठा आकडा लिहून घ्या. मग त्याला अर्धा तास खेळू द्या आणि तुम्ही शेजारी वही घेऊन बसा. प्रोसेसर सर्वात जास्त किती तापला, फ्रेम कितीवर पडली, आणि तो ज्या ज्या वेळी ओरडला त्या त्या वेळी कोपऱ्यात काय आकडा होता. लॅपटॉपचं मॉडेल पोटावरच्या स्टिकरवर असतं, तेही लिहा. एवढं पाठवलंत की सफाईने भागेल की पंखा बदलावा लागेल, ते मी सांगतो.